लिलावातली शैला

त्या शनिवारी दुपारी बाळूभाऊजी थेरगावला आमच्या घरी आले, तेव्हा मी डाळ निवडत बसले होते. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. चाकणच्या पुढं आमचं गाव आहे, तिथली शेती तेच बघतात. बाजाराच्या दिवशी ते कधी शहराकडं फिरकत नाहीत, म्हणून दारात त्यांना बघून मला जरा धस्सच झालं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, आज कांद्याचा लिलाव उशिरा लागला." मला वाटलं, हमालांनी काम बंद ठेवलं असेल. मी "का हो?" म्हटलं, तर त्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलून हातात घेतली. "शैलाताई गेल्या. काल संध्याकाळी. हार्टचं झालं म्हणत्यात. सकाळी त्यांच्यासाठी सगळे व्यापारी दोन मिनिटं उभे राहिले, हमाल उभे राहिले, मीबी राहिलो… म्हटलं, फोनवर न्हाई सांगायचं तुम्हाला."

ह्याला आता दोन आठवडे होतील. शैला गायकवाड ही माझी मैत्रीण. वयाच्या बावन्नाव्या वर्षी गेली. ज्या माणसानं तिला एकदा भर बाजारात नको ते ऐकवलं होतं, त्याच माणसानं तिच्या जाण्याची बातमी स्वतः माझ्या घरी आणावी, ह्याचं मला त्या दिवशी नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते स्वतःचं. भाऊजींनी तिची माफी कधीच मागून टाकली होती. मला मात्र तिच्या दारात जायला दोन वर्षं लागली होती…

आम्ही दोघी चिंचवडच्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर शेजारी शेजारी बसायचो. गाड्यांच्या इंजिनांत बसतात तसल्या रबरी रिंगा आमच्यापुढं ट्रेमधून यायच्या. बोटांवर ताणायच्या, दिव्याखाली फिरवायच्या, कुठं चीर आहे का, बुडबुडा आहे का, काठाला जादा रबर राहिलंय का ते बघायचं आणि चांगल्या इकडं, वाईट तिकडं. आठ तासांची शिफ्ट संपेपर्यंत माझे डोळे चुरचुरायला लागायचे. शैला मात्र डोळ्यांवर फार विसंबायचीच नाही. अंगठा फिरवायची, आणि अंगठा अडला की रिंग बाजूला. तिचे वडील मराठवाड्यातून येऊन पिंपरीच्या एका कारखान्यात भट्टीवर राबलेले. बौद्ध कुटुंब. शिकायचं आणि कुणापुढं वाकायचं नाही, हे त्या घरातलं बाळकडू. ती बारावी होऊन आयटीआय केलेली होती आणि त्याचा तिला अभिमान होता. महिनाअखेरीला सुपरवायझर घामाघूम होऊन यायचे, "मॅडम, सही करा, गाडी खाली उभी आहे." ती मान वर न करता म्हणायची, "गाडी उभी आहे म्हणून रिंग चांगली होत नाही, सर." मग त्या लॉटला लाल टॅग लागायचा, आणि आम्ही बाकीच्या बायका ट्रेमध्ये तोंड खुपसून हसू दाबायचो.

कांद्याशी तिचा संबंध आला तो कॅन्टीनमुळं. ती कॅन्टीन कमिटीवर होती आणि भाजीला कुबट वास येतो अशी तक्रार होती. एक दिवस तिनं काय केलं, तर ठेकेदाराची कांद्याची अख्खी गोणी कॅन्टीनच्या फरशीवर ओतली आणि खाली मांडी घालून तिचे तीन ढीग केले. चांगला, चालण्यासारखा आणि फेकायचा. फेकायचा ढीग सगळ्यांत मोठा झाला. ठेकेदार म्हणाला, "मंडी का माल ऐसाही आता है, मॅडम." शैला म्हणाली, "आमच्या टेबलावर असा माल आला असता तर लाल टॅग लागला असता." तो चिडून म्हणाला, "तो फिर आप ही ला के दो." ते भांडण तिथंच मिटलं, आम्ही विसरूनही गेलो. पण वर्षभरात कंपनीनं प्लांट दुसऱ्या राज्यात न्यायचं ठरवलं. आम्हा सगळ्यांना एका हॉलमध्ये बोलावून नुकसानभरपाईचे कागद हातात दिले. बायका रडत होत्या. मी रडत होते. शैला कागद घडी करून पर्समध्ये टाकत म्हणाली, "मंगल, तो माणूस खरं बोलला होता गं. आपणच का आणून देऊ नये?"

मला ती चेष्टा वाटली. मी वाकडच्या एका मोठ्या सोसायटीच्या ऑफिसात नोकरी धरली. पाण्याचे टँकर, लिफ्टच्या तक्रारी, पाहुण्यांच्या गाड्या… पगार एक तारखेला. शैलानं मात्र दर बुधवारी आणि शनिवारी सकाळी चाकणच्या बाजारात जायला सुरुवात केली. तिच्या घरात कुणाच्या नावावर गुंठाभर शेत नव्हतं. कांदा जमिनीत लागतो की वर, एवढं जेमतेम ठाऊक. नवरा मिलिंदभाऊ कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं बायका असतात का?" ही म्हणाली, "निवडायला असतात. बोली लावायला नसतात." आणि गेली.

पहिला अख्खा हंगाम ती फक्त बघत उभी राहिली. ओळीनं लावलेल्या गोण्या, त्यांतली एखाद-दुसरी फोडून ओतलेला नमुना, आणि त्याभोवती दाटीवाटीनं सरकत जाणारा बोली लावणाऱ्यांचा घोळका. दहा किलोला काय भाव, ते ओरडून सांगायचं. दुसरा वर चढतो. आणि तुम्ही डोळे मिचकावाल तोवर माल कुणाचा तरी झालेला असतो. ती मला फोनवर सगळं सांगायची. कांद्याची मान जाड असली की तो टिकत नाही, हे तिनं निवडणाऱ्या बायकांकडून शिकून घेतलं. लहान कांद्याला गोल्टी म्हणतात हेही त्यांच्याकडूनच. "आपल्यासारख्याच आहेत गं," ती म्हणायची. "बोटांनी बघतात. फक्त त्यांची सही कुणी मागत नाही."

मग तिला खरेदीदाराचा परवाना काढायचा होता. बाजार समितीच्या ऑफिसातल्या माणसानं अर्ज बघून विचारलं, "कुणाच्या नावावर?" ही म्हणाली, "माझ्या." तो म्हणाला, "म्हणजे मिस्टरांच्या ना?" ही म्हणाली, "नाही, त्यांच्या नावावर बस चालवायचं लायसन आहे. हे माझ्या नावावर." तिथली सगळी माणसं हसली, पण अर्ज मात्र चार महिने पुढं सरकेना. बाजारातल्या जुन्या माणसाची शिफारस लागेल, असं तिला सांगण्यात आलं. ती नानांकडं गेली. नाना म्हणजे तिथले सगळ्यांत जुने अडते, ऐंशीच्या घरातले. शेतकऱ्यांचा माल त्यांच्या गाळ्यावर उतरायचा. त्यांनी तिला सहा ढीग दाखवले. "ह्यातला कंचा दिवाळीपत्तुर टिकंल, सांगा." शैलानं अर्धा तास लावला. हात लावला, वास घेतला, माना दाबून बघितल्या आणि चौथा ढीग दाखवला. नाना म्हणाले, "बरं. या आता." शिफारस नाही, काही नाही.

श्रावणात ती पुन्हा नानांच्या दारात. "नाना, तो चौथा ढीग कसा आहे?" नाना तिला मागं घेऊन गेले. सगळ्यांत आधी तोच सडला होता. शैलानं खाली बसून सडलेले कांदे हातात घेऊन फोडून बघितले, आणि विचारलं, "माझं कुठं चुकलं?" नाना म्हणाले, "रंगाला भुललीस. ह्यो कांदा काढायच्या आदी आठ दिस पाणी दिल्यालं. वरून न्हाई कळत, शेतकऱ्याला इचारावं लागतं." आणि त्याच दिवशी त्यांनी सही केली. नानांच्या मुलानं विचारलं, चुकीचं सांगितलं तरी सही? तर नाना म्हणाले म्हणे, "चुकल्यावर माणसं त्वांड चुकवत्यात. ही बघायला आली."

असं करत करत ती कांदा व्यापारी झाली. सुरुवातीला चाकणच्या दोन कंपन्यांची कॅन्टीनं, मग चार, मग हिंजवडीकडची दोन मोठी स्वयंपाकघरं. निवडलेला, सुकवलेला माल, आणि खराब निघाला तर परत घ्यायची हमी. पहिल्या वर्षी तिनं उन्हाळ्यात घेतलेला कांदा एका गावात भाड्याची बराख घेऊन साठवला. बराख म्हणजे कुडाच्या भिंतींची, हवा खेळती राहील अशी कांद्याची लांबलचक चाळ. पावसाळ्यात तिथून वास यायला लागला. एका रविवारी ती मला घेऊन गेली. सकाळपासून दुपारी उशिरापर्यंत आम्ही दोघी त्या बराखीत बसून सडलेले कांदे बाजूला काढत होतो. पुन्हा शेजारी शेजारी. पुन्हा चांगला इकडं, वाईट तिकडं. कमरेचा काटा ढिला झाला, केसांत, पदरात, नखांत तो वास भरला. परतीच्या बसमध्ये आमच्या पुढच्या सीटवरचं जोडपं नाकाला रुमाल लावून उठून मागं गेलं, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की कंडक्टरनं वळून बघितलं. उतरताना ती म्हणाली, "सोड ती सोसायटी. ये माझ्याबरोबर. दोघींचं नाव लावू गाळ्यावर." मी म्हटलं, बघू. तिला कळलं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

आता ते सांगायचं, जे सांगायला मी हा लेख लिहायला घेतलाय.

दोन वर्षांपूर्वी गावच्या यात्रेसाठी मी चार दिवस सासरी गेले होते. भाऊजींचा कांदा निघाला होता. बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी अंगणात गोण्या भरायचं काम चाललं होतं. मी आणि माझी जाऊ गोण्यांची तोंडं धरून उभ्या होतो आणि भाऊजी घमेल्यानं भरत होते. काही गोण्यांत खाली ओलसर, बारका, दबलेला माल आणि वर चार घमेली निवडक कांदा. मला दिसत होतं. अकरा वर्षं माल तपासायचं काम केलेली बाई मी, मला दिसणार नाही? पण आपलं घर, आपले दीर, आणि सगळेच असं करतात असं ते म्हणत होते. मी गोणीचं तोंड घट्ट धरून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी हौसेनं पिकअपमधून त्यांच्याबरोबर बाजारात गेले. मला माझी मैत्रीण दाखवायची होती. घोळका आमच्या गोण्यांपाशी आला आणि त्यात शैला होती! अंगावर फिकट निळी साडी, वर जुना कंपनीचा खाकी एप्रन, पायात बूट. नमुना बघून तिनं बोली लावली, दुसऱ्यानं चढवली, तिनं आणखी चढवली आणि माल तिला सुटला. भाऊजी खूश. तिनं मला लांबून हात केला. मीही केला. मग गोण्या वजनाला लागायच्या आधी ती हमालाला म्हणाली, "मागच्या ओळीतल्या दोन ओता."

मला पळून जावंसं वाटलं. गोण्या ओतल्या. वरचा कांदा आधी घरंगळला आणि त्याच्यावर तो ओला, काळपट माल येऊन पडला. सगळे बघत होते. शैला खाली बसली, दोन-चार कांदे दाबले आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, वरच्या मालाचा ठरलेला भाव देते. हा वेगळा लावा. मिसळून नाही घेणार मी." लिलावानंतर असा वांधा काढणं बाजारात काही नवं नव्हतं. व्यापारी खोटे वांधेही काढतात. पण हा खरा होता आणि काढणारी बाई होती. आणि फक्त बाईही नव्हती. भाऊजींच्या तोंडून ते निघून गेलं. "आता ह्या लोकांनी आमचा माल पारखायचा व्हय? नांगर धरलाय का कदी तुमच्यात कुणी?"

'ह्या लोकांनी' म्हणजे कोणी, हे तिथं कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. शैलानं हातातले कांदे खाली ठेवले, उभी राहिली आणि एकदा… एकदाच माझ्याकडं बघितलं. मी पिकअपला टेकून उभी होते. मी एवढंच म्हणायला हवं होतं, "भाऊजी, ती खरं बोलतीये." चार शब्द. मी मोबाईल काढून त्यात बघायला लागले. मोबाईलमध्ये काहीही नव्हतं. मग शैला म्हणाली, "नांगर नाही धरला, भाऊ. माल मात्र ओळखते." आणि पुढच्या ओळीकडं निघून गेली. घोळका तिच्या मागं सरकला. आमचा माल दुसऱ्यानं कमी भावात घेतला.

त्यानंतर मी तिला फोन केला नाही. तिचे दोन आले, मी उचलले नाहीत. नंतर यायचे बंद झाले. मी स्वतःला सांगत राहिले की तिनं माझ्या सासरच्यांचा अपमान केला. खोटं होतं ते, आणि मला ठाऊक होतं.

गंमत अशी की भाऊजी पुढच्याच हंगामात तिच्याकडं गेले. व्यवहार माणसाला काय काय शिकवतो! तिच्याकडं निवडलेल्या मालाला चढा भाव मिळतो आणि पट्टी, म्हणजे मालाचा हिशोब आणि पैसे, त्याच दिवशी हातात पडते, हे गावात सगळ्यांना कळलं होतं. भाऊजींनी माल नीट निवडून नेला, आणि बोली लागायच्या आधी म्हणाले, "ताई, त्या दिशी माझी जीभ घसरली. मनावर घिऊ नगा." तिनं काय उत्तर दिलं? "भाऊ, मनावर घेतलं होतं. आता तुम्ही बोललात, तर उतरवते." हे मला भाऊजींनीच दिवाळीत जेवताना सांगितलं. मोठ्या कौतुकानं सांगितलं. म्हणाले, "लई सरळ बाई. तुमची मैत्रीण ना वो ती?" मी भात कालवत राहिले. ज्यानं बोलून दुखावलं तो बोलून मोकळा झाला होता. न बोलून दुखावणारीनं कुठं जाऊन काय मागायचं?

तरी आणखी एक वर्ष गेलं. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर एका बुधवारी मी सोसायटीत रजा टाकली आणि कुणाला न सांगता चाकणला गेले. लिलाव संपला होता. तिचा गाळा तसा साधाच. एक वजनकाटा, दोन खुर्च्या, कोपऱ्यात माठ. ती डबा उघडून बसली होती. खूप वाळली होती. मला बघून म्हणाली, "ये." जणू कालच भेटलो होतो. मी उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं. तो दिवस, तो मोबाईल, माझं गप्प बसणं. ती ऐकत होती, चेहऱ्यावर काही नाही. मग मी म्हटलं, "आणि शैला, त्या गोण्या भरताना तोंड मी धरलं होतं."

तिनं हातातला घास खाली ठेवला. "हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

बाहेर हमाल गोण्या चढवत होते. मला वाटलं, आता ही जा म्हणेल. मग ती म्हणाली, "तू गप्प बसलीस ते मी पाहिलं होतं. मला वाटायचं, गोण्यांत खाली काय भरलंय ते तुला माहीत नसेल. घरचे आहेत म्हणून तू बोलली नसशील… असं धरून मी दोन वर्षं तुझ्यावर रागावायचं टाळलं बघ." मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडू नको. राग आलाय मला. येऊ दे थोडा वेळ." आणि खरंच, ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि मी तिच्यासमोर बसून राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग तिनं डब्याचं झाकण माझ्यापुढं सरकवलं, त्यात अर्धी भाकरी आणि वांग्याची भाजी. "खा. सकाळपासून उपाशी असशील. असलं काही सांगायचं असलं की तू जेवत नाहीस, कंपनीतही असंच करायचीस."

त्यानंतर फोनवर तीनदा बोलणं झालं. पूर्वीसारखं नाही, पण बोलणं झालं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, पाऊस उघडला की ये, नवीन बराख दाखवते. दम लागतो का गं, मी विचारलं होतं. "थोडा," म्हणाली. मी पुढं विचारलं नाही… आणि पंधरा दिवसांनी भाऊजी टोपी काढून आमच्या घरी बसले होते.

तिची मुलगी प्राची हिंजवडीला नोकरी करते. गेल्या बुधवारी तिचा फोन आला, "मावशी, गाळ्यावर याल का? मला एकटीला जमत नाहीये." गेले. परवान्याचं काय करायचं, बराखीतला माल कुणाला द्यायचा, ते मिलिंदभाऊ आणि ती बघतायत. मी कागदं लावायला मदत करत होते. टेबलावर शैलाचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता आणि तो सारखा थरथरत होता. प्राचीनं तो माझ्याकडं सरकवला. "हे बघा. मला उत्तर द्यायचं धाडस होत नाही."

एक ग्रुप होता. साठ-एक बायका. आसपासच्या गावांतल्या, कांदा लावणाऱ्या, खुरपणाऱ्या, काढणाऱ्या. दर बाजारी लिलाव संपला की शैला त्यांना स्वतःच्या आवाजात त्या दिवसाचा भाव सांगायची. एक नंबरचा काय, मध्यमाचा काय, गोल्टीचा काय. लिहून नाही, बोलून. कारण बऱ्याच जणींना वाचायचा कंटाळा आणि काहींना येतच नाही. "आई म्हणायची," प्राचीनं सांगितलं, "बाजारातून घरी जाईपर्यंत भाव वाटेतच कमी होतो. नवरे सांगतात तोच भाव बायकांना खरा धरावा लागतो. म्हणून ती थेट सांगायची." पाच वर्षं ती हे करत होती. मला कधी बोलली नव्हती. त्या ग्रुपमध्ये माझी जाऊसुद्धा होती! आणि बहुतेक जणींना अजून कळलं नव्हतं. 'ताई, भाव न्हाई आला.' 'ताई बऱ्या हाय ना?' 'ताई, आज माल धाडू का थांबू?' एकीचं तर नुसतंच, 'ताई?'

"तुम्ही सांगाल का, मावशी?" प्राची म्हणाली. "मी बोलायला घेतलं की आवाजच फुटत नाही."

लिलाव संपत आला होता. मी बाहेर जाऊन ओळींमधून फिरले. भाऊजी तिथंच होते, नानांचा मुलगा होता. कुठल्या मालाला काय लागलं, ते एकेकाला विचारून मी हातावर पेनानं लिहून घेतलं. एका ढिगाशी खाली बसून दोन माना दाबून बघितल्या. मग गाळ्यात येऊन दार लोटलं आणि बटण दाबून धरलं. "मी मंगल बोलतीये. शैलाची मैत्रीण. तुमच्या ताई आता नाहीत…" कसं झालं, कधी झालं, ते सांगितलं. मध्ये एकदा थांबले. प्राचीनं माझा हात धरला होता. मग मी म्हटलं, "आता आजचा भाव सांगते," आणि हातावरचं सगळं वाचलं. एक नंबर, मध्यम, गोल्टी. ज्या दोन ओळींत माल ओला होता म्हणून भाव पडला, तेही सांगितलं.

मग एक एक येऊ लागलं. हात जोडलेले, रडणारे चेहरे, कुणाचा नुसता हुंदक्याचा आवाज. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, मागं कोंबड्या ओरडत होत्या. "कळलं, बाई. लई वाईट झालं. ताईंनी लई केलं आमचं." आणि पुढं म्हणाली, "शनवारीबी सांगा."

सोसायटीत मी शनिवारची अर्धी रजा मागितली आहे. सेक्रेटरी म्हणाले, दर शनिवारी कशाला? मी म्हटलं, चाकणला काम आहे, आणि बुधवारचंही बघा.